पऱ्हाटीचा खरा हिशेब गावात कसा मांडायचा

राजेहो, समाजवाद म्हटलं की लोकांना मोर्चा नाहीतर जाड पुस्तकं आठवतात. आपल्याकडं सुरुवात पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या पिकापासून करा. वेचणी सरली की समाजमंदिरात बसा, एक मोठा कोरा कागद अन् स्केचपेन पुरे. बोलवायचं मात्र शेतकऱ्यालाही अन् वेचणाऱ्या बायांनाही, एकाच सतरंजीवर. वेळ रात्री आठनंतरची ठेवा, आम्ही पहिल्यांदा सहाची ठेवली तर एकही बाई आली नाही, चुली सोडून येणार कशा.

आधी एक क्विंटल कापसाचं पुढं काय होते ते लिहा. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, साधारण ३४ किलो रुई (नुसता धागा) निघते, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे कापसाचं बी. एका टी-शर्टला दीडशे-दोनशे ग्रॅम सूत, म्हणजे घट धरूनही शंभराच्या वर टी-शर्ट. एक कितीला मिळतो ते पोरांना विचारा, गुणाकार करा, अन् बाजूला आपल्याला क्विंटलमागं मिळालेला चुकारा अन् त्यातली वेचणीची मजुरी लिहा. सूतगिरणी, शिलाई इथंही राबणारे हातच आहेत अन् त्यांनाही थोडंच मिळते, हे सांगायचं विसरू नका. आमच्या बैठकीत एका काकूनं बोटं पुढं केली, सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी चिरलेली, म्हणाली हे कोणत्या रकान्यात लिहू.

इथं भांडण होणारच, शेतकरी म्हणेल मजुरीनंच मारलं. थांबवू नका. फक्त विचारा, बियाण्याचा भाव तू ठरवतो का भाऊ? खताचा? औषधाचा? कापसाचा? त्याच्या हातात एकच भाव उरतो, वेचणीचा, म्हणून तो तिथंच आवळतो. माझ्या मते सगळ्या बैठकीचा जीव इथं आहे, रात्र इथंच गेली तरी चालेल.

मग मातीचा रकाना. रुईतून जमिनीतलं फारसं जात नाही, तो धागा हवा-पाण्यातूनच बनते. नत्र-स्फुरद जाते सरकीतून, तिची ढेप, म्हणजे जनावरांचं खाणं, होऊन दूरच्या डेअरीत पोचते, पऱ्हाटीची वाळलेली झाडं धुऱ्यावर जळतात, अन् आपण युरियाची बॅग उधारीत आणतो. भांडवली शेती मजुरासोबत मातीलाही लुटते हे मार्क्सनं १८६७ सालीच लिहून ठेवलंय.

फवारणीचा रकाना वेगळा ठेवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. तो खर्च औषधाच्या डब्यावर लिहिलाय की टी-शर्टच्या किमतीत, ते सगळ्यांना शोधायला सांगा.

उठायच्या आधी एक ठराव लिहाच, वेचणीचा भाव हंगामाआधी दोघांनी बसून ठरवायचा अन् सरकारनं ठरवलेला आधारभूत भाव मिळावा म्हणून दोघांनी मिळून जायचं, अन् तो ग्रामसभेत ठेवा. गडचिरोलीच्या मेंढा लेखा या गावानं २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, पुढं बांबू गावानंच विकला, तिथंही आधी कितीतरी वर्षं लोक अभ्यास गटात असेच बसत होते. कागद भिंतीवरच राहू द्या, पुढच्या वेचणीला आकडे बायांनाच भरायला सांगा.