गोठलेल्या दलदलीवरचा पहिला हंगाम

पाणथळ अधिवासाचं बांधकाम नेमकं कडाक्याच्या थंडीत का काढतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. पक्ष्यांची वीण तोवर आटोपलेली असते, हे एक कारण. दुसरं म्हणजे, एरवी माणूस गुडघ्यापर्यंत रुतेल अशा चिखलावर गोठल्यानंतर पोकलेन चालवता येतं.

पण जमीन आपोआप गोठेल, या भरवशावर राहू नका. साचलेलं हिम गोधडीसारखं असतं, त्याच्याखाली दलदल मऊच राहते. म्हणून यंत्रांच्या वाटेवरचं हिम आधी काही दिवस हलक्या यंत्रानं दाबून घ्यायचं, म्हणजे थंडी खोल उतरते. पहार मारून पाहिल्याशिवाय कुठलंही जड यंत्र पुढे नेऊ नका. उघड्या पाण्यावरच्या बर्फाचा रंगही बघा. पांढरट बर्फ पारदर्शक बर्फाच्या साधारण निम्म्याच ताकदीचा धरतात.

मला सगळ्यात महागात पडला तो बांध. काम मागे पडलं होतं, भरावाची चिकणमाती रात्रीत गोठून तिची ढेकळं झाली होती, आणि तीच मी टाकू दिली. रोलर फिरल्यावर वरून बांध दगडासारखा दिसत होता. ढेकळांच्या मधल्या पोकळ्या मात्र तशाच राहिल्या. वसंतात बर्फ वितळलं, बांध खचला आणि पाणी झिरपू लागलं. तो तुकडा पुन्हा उकरावा लागला. तेव्हापासून माझा नियम एकच: गोठलेली माती यंत्राखाली हवी, बांधात नको. आता मातीचा ढीग आम्ही झाकून ठेवतो, सकाळी गोठलेला वरचा थर बाजूला काढतो आणि भराव टाकल्याबरोबर दाबतो. थंडी फार वाढली की बांधाचं काम थांबवायचं आणि तो दिवस खोदाईला द्यायचा.

लेव्हलच्या, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या, बाबतीतही सावध राहा. ओली माती गोठताना फुगते आणि उंचीच्या खुणेसाठी रोवलेल्या खुंट्या वर उचलते. त्यामुळे रोज सकाळी पक्क्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या, न हलणाऱ्या खुणेवरून) तपासणी हवीच. इतर काही कामांत दहा सेंटिमीटरची चूक खपून जाते, इथे नाही. पाण्यात डोकं घालून चरणाऱ्या बदकांना साधारण ३० सेंमीपेक्षा उथळ पाणी लागतं, चिखलपक्ष्यांना त्याहूनही कमी. खोदाई थोडी जास्त झाली तर त्यांच्यासाठी ती जागा निकामी ठरते. काठाचे उतारही सपाट ठेवा, एकास पाच (एक मीटर उंचीला पाच मीटर आडवं अंतर) किंवा त्याहून सौम्य.

आणि पाण्याचा उपसा. भर हिवाळ्यात पंप लावून तळं रिकामं करायचा आग्रह कुणीतरी धरतंच. तिथे ठाम नकार द्या. तळाच्या गाळात बेडूक आणि कासवं निजलेली असतात. वरचं पाणी गेलं की गाळ गोठतो आणि ती जागच्या जागी मरतात. पातळी उतरवायची असेल तर ती शरद ऋतूतच, बेडूक आणि कासवं गाळात शिरायच्या आधी उतरवा. ती वेळ चुकली असेल तर तेवढा भाग पुढच्या वर्षावर टाका. मी दोनदा टाकलाय. अहवालात प्रगतीचा आकडा कमी दिसला, त्याचं कारण मी तिथेच स्पष्ट लिहिलं.

बर्फ वितळू लागलं की आधी यंत्रं बाहेर काढा, उरलेलं काम नंतर मोजा. दुपारी मऊ पडलेल्या वाटेवर एक शेवटची फेरी मारली, तर चाकोऱ्यांत दबलेली माती पुढे कित्येक वर्षं तशीच राहते.