मरळीचा लेख तपासायचा तर आधी कोणती मरळ ते ठरवा

नागपुरात मंगळवारी बाजारात ‘मरळ’ मागितली, तर टबातून जी बाहेर येईल ती दोन वेगळ्या जातींपैकी कोणतीही असू शकते. एक चन्ना स्ट्रायाटा, दुसरी चन्ना मारुलियस. गिऱ्हाइकाचं त्यावाचून काही अडत नाही, ज्ञानकोशाचं मात्र अडतं. विकिपीडियावरच्या लेखात कमाल वजन एकीचं, फोटो दुसरीचा आणि वर्णन भलत्याच भाषेतल्या लेखातून उचललेलं, असा काला सहज होतो. अशा लेखाचं शुद्धलेखन सुधारण्यात किंवा त्याला संदर्भ जोडण्यात हशील नाही. आधी लेख कोणत्या माशाचा आहे, ते ठरवायचं.

त्यासाठी लेखातले सगळे आकडे एका कागदावर उतरवून घ्या. त्यातले सर्वांत कामाचे आकडे परांच्या काड्यांचे. माशाचा पर ज्या मऊ काड्यांवर ताणलेला असतो, त्या मोजता येतात आणि त्यांची संख्या जातीगणिक ठरावीक मर्यादेत राहते. स्ट्रायाटाच्या पाठीवरच्या परात ३८ ते ४३ काड्या असतात, गुदपरात (पोटाखाली शेपटीकडे असलेल्या परात) २३ ते २७. मारुलियसच्या पाठीवर ४५ ते ५५, गुदपरात २८ ते ३६. दोन्ही पट्टे एकमेकांना कुठेच छेदत नाहीत, त्यामुळे लेखात ‘पाठीवर ४० काड्या’ आणि ‘गुदपरात ३२’ असं एकत्र दिसलं की दोन मासे एका पानावर आले आहेत हे नक्की. हीच तपासणी फोटोला लावा. फोटो स्वच्छ असेल, तर मोठा करून काड्या मोजता येतात. नसेल, तर रंग पाहा: स्ट्रायाटा पाठीवर गडद, पोटाला फिकी आणि कुशीवर तिरपे पट्टे; मारुलियसच्या पिल्लाला शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा डोळ्यासारखा ठिपका. रंगावर फार विसंबू नका. पाणी गढूळ की स्वच्छ, मासा जिवंत की बर्फातला, यावर तो बदलतो.

काला निघाला, तर मजकूर घाईने उडवू नका. चर्चा पानावर कोणता आकडा कोणत्या जातीचा ते लिहा आणि लेख एका जातीला द्या. दुसरीसाठी वेगळं पान काढा आणि ‘मरळ’ या नावाचं निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाचे वेगवेगळे लेख दाखवणारं पान) करून दोन्हीकडे दुवे द्या. आधी ‘इतिहास’ उघडून कोणती भर कधी पडली ते पाहिलं, तर अर्धं कोडं तिथेच सुटतं. पहिली आवृत्ती एकाच माशाची होती आणि गोंधळ नंतर शिरला, असंही निघू शकतं.

आता नाव. स्ट्रायाटाचं पूर्ण शास्त्रीय नाव लिहिताना पुढे कंसात ब्लॉख, १७९३ असं येतं, आणि तो कंस शोभेचा नाही. ब्लॉखने हा मासा ऑफिसेफॅलस या वंशात ठेवला होता, नंतर तो चन्ना वंशात गेला. वंश बदलला की मूळ नामकर्त्याचं नाव कंसात जातं, हा प्राणिनामकरणाचा नियम आहे. कंस काढला, तर ब्लॉखनेच चन्ना म्हटलं होतं असा खोटा अर्थ निघतो. मारुलियसला कंसात हॅमिल्टन, १८२२. दुसरी खोच लिंगाची: चन्ना हे नाव स्त्रीलिंगी धरतात, म्हणून स्ट्रायाटा आणि पंक्टाटा (याच वंशातली आणखी एक जात); स्ट्रायाटस, पंक्टाटस ही रूपं जुन्या वंशनावासोबतची. मारुलियस मात्र तसंच राहतं. नाव आजही वैध आहे का, हे कॅलिफोर्निया अकादमीच्या माशांच्या सूचीत पाहा. फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यातही पाहा, पण दोघांत फरक पडला तर नावाच्या बाबतीत सूचीकडे झुका. लेखात शास्त्रीय नाव रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत हवं. देवनागरी उच्चार शेजारी द्यायला हरकत नाही, पण तो मुख्य नको.

जीवचौकटीत, म्हणजे लेखाच्या बाजूच्या वर्गीकरणाच्या तक्त्यात, चूक बहुतेकदा गणाच्या रकान्यात सापडते. जुन्या पुस्तकांत मरळ पर्सिफॉर्मिस गणात आहे, आता तिचं चॅनिडी कूळ ॲनाबँटिफॉर्मिस गणात धरतात. फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा १८७५–७८चा ग्रंथ चित्रांसाठी सोनं आहे. लेखक १८८९ साली वारले, त्यामुळे चित्रं हक्कमुक्त आहेत आणि कॉमन्सवरून, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसाठ्यातून, सरळ घेता येतात. वर्गीकरणासाठी मात्र तो ग्रंथ उघडायचाच नाही. मागुराच्या लेखातही हीच गत. आपल्याकडचा देशी मागूर वर्षानुवर्षं क्लॅरियस बॅट्रॅकस म्हणून छापला गेला. आता भारतातल्या माशाला क्लॅरियस मागुर म्हणतात आणि बॅट्रॅकस हे नाव जावाकडच्या माशापुरतं उरलं आहे. त्यात देशात २००० साली बंदी आलेल्या आफ्रिकन मागुराचा फोटो देशी मागुराच्या लेखात चिकटवलेला असेल, तर वाचकाचा पुरता घात.

यंत्राने केलेलं भाषांतर ओळखायला फार अक्कल लागत नाही, पण ते नीट करायला वेळ लागतो. ‘हे मासे शाळेत राहतात’ म्हणजे थव्याने राहतात. ‘मोठ्या प्रमाणांनी झाकलेले शरीर’ म्हणजे अंगावर मोठे खवले. ‘पंख’ दिसला की तिथे पर हवा, आणि पर व कल्ले यांची अदलाबदल झाली असेल तर वाक्य मुळापासून तपासा, कारण पराने मासा पोहतो आणि कल्ल्याने श्वास घेतो. मरळीच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. तिला कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असते आणि तिला पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. वर यायला अडवलं तर ती पाण्यातही गुदमरते. एवढ्यावरून कुणी ‘उभयचर’ असं लिहून ठेवलं असेल, तर ते आधी काढा. ‘प्रजाती’ या शब्दावरही लक्ष ठेवा. वर्तमानपत्रांत तो जातीसाठी वापरतात, काही ग्रंथांत वंशासाठी. एका लेखात वंश आणि जाती हेच दोन शब्द धरून चाला, म्हणजे वाद मिटतो.

मग विधानांकडे वळा. ‘हा मासा १ मीटर लांब असतो’ हे चूक. स्ट्रायाटाची कमाल लांबी सुमारे १ मीटर नोंदली आहे, बाजारात येणारा मासा त्याहून बराच लहान. लांबी सांगताना ती शेपटीच्या टोकापर्यंतची की शेपटीच्या बुडापर्यंतची, हेही लिहा, नाहीतर दोन स्रोतांतले आकडे उगाच भांडत बसतात. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत स्ट्रायाटा ‘कमी चिंतेची’ आहे. ती जगभराची नोंद आहे, तिच्यावरून नागपुरातल्या अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावातल्या मरळीबद्दल काहीही लिहिता येत नाही. ‘कन्हान नदीत सापडते’ याला छापील सर्वेक्षण लागतं. बाजारात डोळ्यांनी पाहिलं, हा विकिपीडियावर पुरावा नाही. अशा स्थानिक नोंदींसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाची प्रकाशनं आणि नागपुरातल्या माफ्सूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचं ग्रंथालय पाहा. ‘मरळ खाल्ल्याने जखम भरते’, ‘दमा जातो’ अशी वाक्यं सर्वांत चिवट असतात. हैदराबादेत मृगाच्या सुमारास मरळीचं पिल्लू औषधासह गिळायला देतात, ही प्रथा म्हणून नोंदवता येते. ‘उपयोग’ या मथळ्याखाली उपचार म्हणून नाही.

काम धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, करा आणि लेखात एकेक भाग वेगळा जतन करा. आधी नाव, मग चौकट, मग वर्णन. सगळं एका झटक्यात टाकलं आणि एक वाक्य कुणाला खटकलं, तर उलटवताना तुमचं सगळंच जातं. बदलाच्या सारांशात ‘सुधारणा’ एवढंच नको, ‘गुदपराचा आकडा मारुलियसचा होता, बदलला’ असं लिहा. संदर्भाचा रेफ टॅग (संदर्भाभोवतीची <ref> … </ref> ही खूण) बंद करायला विसरलात, तर त्यापुढचा मजकूर संदर्भाच्या पोटात जाऊन पानावरून गायब होतो, म्हणून झलक पाहिल्याशिवाय जतन करू नका. एकच स्रोत चारदा लागला, तर त्याला नाव देऊन पुन्हा बोलवा. पान क्रमांक मात्र दर ठिकाणी स्वतंत्र द्या.

फोटो हवा असेल, तर तो बाजारातच मिळतो. सकाळी लवकर जा आणि काढण्याआधी विचारा. मासा ओल्या पाटीवर आडवा, तोंड डावीकडे, शेजारी पट्टी; दोन्ही मोठे पर बोटाने उघडून धरायला सांगा, म्हणजे पुढे कुणालाही काड्या मोजता येतील. कॅमेरा बरोबर वरून, फ्लॅश बंद, कारण ओल्या खवल्यांवर तो पांढरा डाग पाडतो. डोकं, शेपटीचं बूड आणि पोट यांचे जवळून तीन वेगळे फोटो घ्या. कॉमन्सवर चढवताना जागा व तारीख भरा, आणि जातीची खात्री नसेल तर वर्णनात फक्त चन्ना लिहा. गूगलवरून उचललेलं चित्र टाकू नका. ते उडवलं जातं.

शेवटी डाव्या पट्टीतले किंवा वरच्या यादीतले भाषांचे दुवे उघडून पाहा. मराठी लेख मारुलियसचा आणि दुवा मात्र इंग्रजी स्ट्रायाटाकडे, असं निघालं, तर विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांतले लेख एकमेकांना जोडणाऱ्या साठ्यात, जाऊन आपलं पान त्या कलमातून (नोंदीतून) काढा आणि योग्य कलमाला जोडा. हे राहिलं, तर भाषांतर करणारा पुढचा माणूस त्याच दुव्यावरून दुसऱ्या माशाचे आकडे पुन्हा आपल्या लेखात आणून ओततो.