ताव, रास आणि करकरीत नोट: शब्दकोडं कसं रचावं

सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी शब्दकोडं रचायचं असेल तर आधी एक विषय पक्का करा. आम्ही नाशिकरोडचे, म्हणून यंदा ‘कागद आणि सुबत्ता’ घेतला. इथल्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, म्हणजे दोन्ही एकाच आवारात!

सुरुवात यादीनं करा. एका बाजूला कागद, पान, ताव, दस्ता, रीम, बाड, रद्दी. दुसऱ्या बाजूला रास, सुकाळ, मुबलक, भरपूर, चिक्कार, रेलचेल. शब्दकोश नंतर उघडा, आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आमच्याकडे ‘बक्कळ’ आणि ‘रग्गड’ तिथूनच आले.

मग दुहेरी अर्थाचे शब्द वेचा. सूत्र, म्हणजे उत्तर सुचवणारी ओळ, त्यांच्यावरच रंगतं. कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. ‘खळ्यावर धान्याची, सिंहस्थात गुरूची (२)’ म्हटलं की नाशिककराला ‘रास’ सुचायला वेळ लागत नाही.

काही शब्द फोडता येतात. ‘गोदेला येतो त्याआधी भर घातली की तोटा उरत नाही (४)’: भर आणि पूर, भरपूर. फोडीबरोबर शब्दाचा सरळ अर्थही सूत्रात हवाच. इथे ‘तोटा उरत नाही’ हा तो अर्थ. तो नसेल तर सोडवणारा शिव्या घालतो, आणि बरोबरच करतो. ‘चिक्कार’मधून मात्र ‘कार’ काढू नका, ‘क्का’ एकाच घरात बसतो.

आता घरं जुळवणं. खरी डोकेदुखी इथे. ‘मुबलक’ आडवा लिहून त्याच्या ‘क’वरून मी ‘कागद’ खाली उतरवला, शाईनं. दुसऱ्या दिवशी दिसलं, तिथे ‘का’ हवा! काना-मात्रेसकट अक्षर जुळलं पाहिजे. ‘विपुल’मधला पु ऱ्हस्व, ‘भरपूर’मधला पू दीर्घ, त्यामुळे तेही एका घरात नांदत नाहीत. शेवटी ‘क’वरून ‘करकरीत’ उतरवला: ‘प्रेसमधून निघालेली नोट असते तशी (५)’. चूक पथ्यावर पडली म्हणायची. चौकट पेन्सिलनंच आखा.

छापण्याआधी कोडं कुणाला तरी सोडवायला द्या. माझं लाडकं सूत्र होतं ‘पंगतीत मारतात (२)’, उत्तर ‘ताव’. आत्यानं ‘हात’ लिहिलं. जेवणावर आडवा हात मारतातच की! सूत्र माझंच सैल. ‘मिशीला देतात’ जोडलं, तर म्हणाली, “मिशीला पीळही देतात रे, पण तो पंगतीत कोण मारेल?” तरी ‘ताव’चा कागद हा अर्थ राहिलाच होता. जुन्या हिशेबानं दस्ता चोवीस तावांचा आणि वीस दस्त्यांचं रीम. हल्ली रीममध्ये ५०० कागद येतात. म्हणून अंकात गेलं ते असं: ‘पंगतीत मारतात, मिशीला देतात, दस्त्यात चोवीस मोजतात (२)’.