एलिमेंटरीला बसताय? स्मरणचित्र पाठ करू नका

सातवीत असताना मी एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला, बसले होते आणि मला सी ग्रेड आली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटायचं ही कोण मोठी टॉपर शिकवायला आली. आता शाळेत सहावी ते आठवीला चित्रकला शिकवते आणि दरवर्षी तीच चूक परत बघते.

कला संचालनालयाच्या या परीक्षेत चार पेपर असतात, वस्तुचित्र (समोरची वस्तू बघून), स्मरणचित्र (दिलेला प्रसंग आठवून), संकल्पचित्र (नक्षीकाम) आणि भूमिती-अक्षरलेखन. मुलं मार खातात ती स्मरणचित्रात. आमच्या क्लासमध्ये तीन चित्रं घोटून घेतली होती, भाजी मंडई, पाणवठा आणि गणपतीची मिरवणूक, कुठलाही विषय आला तरी यातलं एक बसवता येतं म्हणे. पेपरात आला बसस्टॉप. मग काय, मंडईतली भाजीवाली टोपलीसकट उचलून बसस्टॉपवर बसवली, मागे 'बस थांबा' अशी पाटी रंगवली, आणि रांगेतली सगळी माणसं डावीकडे तोंड करून उभी, कारण मला तेवढी एकच बाजू काढता यायची! बस उजवीकडून येत होती.

म्हणून माझ्या मुलांना मी पहिला महिनाभर रंगांना हात लावू देत नाही. मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिणारा पोरगा कसा वाकतो, ओंजळ कुठे येते, दप्तर पाठीवर असेल तर ते कुठे सरकतं, हे नुसतं बघून यायचं आणि मग वर्गात बसून काढायचं. समोर बघून नाही, आठवून. सुरुवातीला काड्यांची माणसं निघतात, निघू देत, वाकलेली काडी आणि ताठ काडी यातला फरक दिसला की झालं. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज हं, रविवारी दोन तास बसून ते भरून निघत नाही.

वस्तुचित्रात तांब्या किंवा माठ आला की निम्मी मुलं तळ सरळ रेघेने कापतात. वस्तू नजरेच्या खाली असली तर तोंडाच्या गोलाईपेक्षा तळाची गोलाई जास्त दिसते, घरी ओट्यावर पातेलं ठेवून बघा. आणि शेजारच्याचं बघून काढू नका, त्याला दिसतो तो तांब्या तुम्हाला दिसतच नाही, तो वेगळ्या जागेवर बसलाय. संकल्पचित्रात रंग तीन-चारच घ्या. भूमितीला पेन्सिलीला टोक हवं, बाकी तो पेपर सरावाचा आहे, त्याची भीती नको.

पालकांसाठी एक, कारण हे दर जूनमध्ये विचारतात. दहावीत जे वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३, ते इंटरमिजिएटचे, म्हणजे याच्या पुढच्या परीक्षेचे, एलिमेंटरीचे नाही. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य शिकणाऱ्यांनाही वाढीव गुणांची सोय आहे, त्याच्या अटी वेगळ्या आहेत त्या शाळेतच विचारा. पण फक्त गुणांसाठी सातवीतल्या मुलाला आठवड्यातून चार दिवस क्लासला पाठवत असाल तर थांबा जरा, कंटाळलेलं पोर रेघ कशी मारतं ते मला लांबूनही कळतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोस्टर कलरच्या बाटल्या उघडून बघा. नेमका पांढरा वाळून खडा झालेला असतो, आणि पांढराच सगळ्यात जास्त लागतो. ब्रश तीन पुरे, एक जाड, एक मध्यम, एक बारीक. बोर्डला क्लिपा, पाण्याला बसकं भांडं (उंच ग्लास हमखास कलंडतो, शेजारणीच्या कागदावर), आणि जुन्या सुती कपड्याची चिंधी. टिश्यू पेपर नको, ओल्या रंगाला त्याचे तंतू चिकटतात आणि मग ते नखाने काढताना कागद फाटतो.