चांदणी निवडुंग: ओळखायचा कसा, वाढवायचा कसा

वरून पाहिल्यावर चांदणीसारखे दिसणारे निवडुंग अ‍ॅस्ट्रोफायटम कुळीतले. मूळ घर मेक्सिको; त्यातला अ‍ॅस्टेरियस टेक्सासच्या दक्षिण टोकालाही सापडतो.

आधी कंगोरे मोजा, मग काटे पाहा. पाच कंगोरे, काटा एकही नाही, अंगभर पांढरे ठिपके: मिरिओस्टिग्मा. आठ कंगोरे आणि सरळ, टणक काटे: ऑर्नेटम, हा मीटरभर उंच होतो. काटे शेळीच्या शिंगांसारखे वळलेले: कॅप्रिकॉर्न. चपटा, बिनकाट्याचा, बहुधा आठ कंगोऱ्यांचा आणि प्रत्येक कंगोऱ्यावर लोकरीच्या गोंड्यांची रांग: अ‍ॅस्टेरियस. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका, मिरिओस्टिग्मा चार कंगोऱ्यांचाही असतो. पांढरे ठिपके म्हणजे केसांचे बारीक झुपके. बुरशी समजून ते पुसू नका.

अ‍ॅस्टेरियस म्हणून युफोर्बिया ओबेसा (दिसायला तसाच, पण निवडुंग नव्हे) गळ्यात पडू शकतो. त्यालाही आठ कंगोरे, पण लोकर नाही आणि जखम झाली की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

मातीसाठी तीन भाग खडा (प्युमिस, पर्लाइट किंवा धुतलेली जाड वाळू, दाणा 2 ते 5 मिमी) आणि एक भाग चाळलेलं पानांचं खत. बारीक वाळू नको, ती फटींत बसून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. कुंडी झाडापेक्षा दोन-तीन सेंमी रुंद पुरे. अ‍ॅस्टेरियसचं मूळ जाड असतं, त्याला खोल कुंडी द्या. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नाही.

खरी मेख पाण्यात आहे. कुंडीच्या तळापर्यंत काडी खुपसा. कोरडी निघाली तरच भरपूर पाणी घाला. तापमान 10 अंशांच्या आसपास उतरलं की पाणी बंद. तेव्हा अ‍ॅस्टेरियस आकसून मातीत बसतो, ते सुकणं नव्हे. घाबरून पाणी घातलं की मूळ कुजलंच. उन्हाची सवय दोन-तीन आठवड्यांत लावा, भाजल्याचा डाग कायमचा राहतो.

बी हवं तर एकाच वेळी फुललेली, वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली दोन झाडं लागतात. एकट्या झाडाला सहसा बी धरत नाही. ताजं बी ओल्या मिश्रणावर नुसतं ठेवा, पुरू नका. झाकलेल्या डब्यात, 25 ते 30 अंशांत आठवड्याभरात कोंब दिसतात. झाकण हळूहळू उघडा, एकदम काढलं तर रोपं सुकतात.

बुडाशी तपकिरी साल दिसली तर अंगठ्याने दाबा. टणक असेल तर वयाची खूण. मऊ लागली तर धारदार सुरीने स्वच्छ गर दिसेपर्यंत कापा, दर कापाला सुरी स्पिरिटने पुसा आणि काप सावलीत वाळवा. अ‍ॅस्टेरियसला पुन्हा मुळं फुटणं अवघड. त्याचा वरचा निरोगी भाग दुसऱ्या जोमदार निवडुंगावर कलम करणं बरं.