सेकंडहँड गॅस ग्रिल घ्यायचंय? आधी पत्रा तपासा

मला कोणी विचारलं की ग्रिल कुठलं घेऊ, तर मी सरळ सांगतो, चांगल्या जातीचं जुनं शोध आणि त्यावर दोन वीकेंड घाल. हे फक्त पैसे वाचवायला म्हणत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका नावाजलेल्या कंपनीचं नवंकोरं ग्रिल घेतलं होतं, का तर एका मित्राकडे त्याच नावाचं ग्रिल वीस वर्षं बिनतक्रार चालू होतं. माझं तिसऱ्या सीझनलाच खालून कुजलं. झाकण अजून चकाचक, पण आतल्या पेटीच्या तळाशी बोट लावलं तर पत्रा पापुद्र्यासारखा सुटून हातात आला आणि दोन बर्नरची भोकं गंजून एकमेकांत मिसळली होती. फोन केला तर म्हणे तो पार्ट आता येत नाही. मित्राचं ग्रिल मात्र अजून चालू आहे. नाव तेच, पण आतलं लोखंड वेगळं, हे मला तेव्हा कळलं आणि तेव्हापासून मी नावापेक्षा पत्रा बघायला लागलो.

आधी नावांबद्दलच बोलतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. ग्रिलच्या झाकणावरचं नाव आणि ते ग्रिल बनवणारा कारखाना यांचा संबंध बऱ्याचदा सुटलेला असतो. अमेरिकेत एकेकाळी ड्युकेनला मोठा मान होता, दक्षिण कॅरोलायनातली कंपनी, जड आणि दणकट माल. ती बुडाल्यावर वेबर या दुसऱ्या ग्रिल कंपनीने नाव विकत घेतलं आणि पुढे त्याच नावाने स्वस्तातली ग्रिलं आली. म्हणजे जाहिरातीत नुसतं 'ड्युकेन' लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही, कुठल्या काळातलं ते विचारावंच लागतं. केनमोरचं तर आणखी वेगळं, ते सिअर्स या अमेरिकन दुकानांच्या साखळीचं स्वतःचं नाव, पण बनवणारे दुसरेच. अशा ग्रिलच्या मॉडेल नंबरात टिंबाच्या आधी तीन आकडे असतात, त्यावरून खरा उत्पादक कळतो आणि पार्ट मिळतील का तेही कळतं. २०१८ मध्ये सिअर्सनेच दिवाळखोरी जाहीर केली, त्यामुळे मालकाने 'वॉरंटी आहे' म्हटलं तरी त्यावर जाऊ नका. तसंही बहुतेक वॉरंट्या पहिल्या मालकापुरत्याच असतात.

आता वेबर, कारण जुन्या बाजारात सगळ्यात जास्त शोध त्याचाच असतो. १९५२ मध्ये शिकागोकडच्या एका पत्र्याच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन यांनी बोया (पाण्यात तरंगणाऱ्या खुणा) बनवायचे अर्धगोल वापरून कोळशाची गोल शेगडी बनवली, तिथून सुरुवात. गॅसवरचं जेनेसिस हे मॉडेल १९८५ मध्ये आलं आणि त्याने बर्नरवर ठेवायचे लाव्हा दगड काढून टाकले, त्यांच्या जागी बर्नरवर तिरक्या पट्ट्या बसवल्या. चरबी त्यावर पडते, जळते, धूर होतो, उरलेली खाली वाहून जाते, भडका कमी. कंपनी घराण्याच्या हातात होती ती २०१० मध्ये मोठा हिस्सा विकून एका गुंतवणूक फर्मकडे गेली, २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि २०२३ मध्ये त्याच फर्मने बाकीचे शेअर घेऊन ती पुन्हा खासगी केली. माझं मत असं की कुठल्याही कंपनीत अशी उलथापालथ झाली की पत्र्याची जाडी आणि नटबोल्टपासून काटकसर सुरू होते, कारण गिऱ्हाईक दुकानात झाकण उघडून बघतं, खाली वाकून बघत नाही. नवीन वेबर सगळीच वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. पण जुन्या जेनेसिसवर माझा जो भरवसा आहे तो नवीनवर डोळे मिटून ठेवणार नाही.

मग शोधायचं काय? मी शोधतो ते १००० ते ५५०० नंबरवालं जुनं जेनेसिस (लाल झाकणवाल्याला तिकडे प्रेमाने 'रेडहेड' म्हणतात) किंवा त्यानंतरचं जेनेसिस सिल्व्हर बी आणि सी. यांचे बर्नर आडवे असतात, डावीकडून उजवीकडे, एक पुढे, एक मधे, एक मागे. म्हणजे पुढचा-मागचा पेटवून मधला बंद ठेवला की मधे छान मंद भट्टी तयार होते. जुन्यात १३ पट्ट्या असायच्या, सिल्व्हर बी-सी मध्ये ५ मोठ्या, आणि दोन्हींच्या पट्ट्या, बर्नर, जाळ्या आजही दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या मिळतात. हाच मुद्दा मोठा आहे, पार्ट मिळणारं जुनं ग्रिल कधी मरत नाही. वर्ष बघायचं असेल तर सिरियल नंबरातली अक्षरं बघा, वेबरमध्ये त्यावरून साल निघतं.

जाहिराती शोधताना 'वेबर' एवढंच टाकू नका, कारण ज्याला मॉडेल माहिती आहे तो भावही तसाच लावतो. 'गॅस ग्रिल', 'बार्बेक्यू', 'घेऊन जा' असं काहीतरी टाका आणि फोटो नीट बघा, झाकणाच्या आकारावरून ओळखता येतं. सीझन संपताना आणि लोक घर बदलतात त्या महिनाअखेरीला सगळ्यात चांगले सौदे लागतात, कारण तेव्हा मालकाला पैशापेक्षा जागा रिकामी करायची घाई असते. मालकाला आधी एवढंच विचारा, बाहेर ठेवलेलं की छताखाली, समुद्र जवळ आहे का, शेवटचं कधी पेटवलं होतं. समुद्राजवळ उघड्यावर राहिलेलं असेल तर मी बघायलाही जात नाही.

बघायला जाताना टॉर्च, एक छोटं चुंबक, जाड स्क्रूड्रायव्हर, स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी आणि टाकाऊ हातमोजे घेऊन जा. झाकण उघडायच्या आधी खाली बसा, हो, जमिनीवर बसा. चाकांच्या वरचे पाईप, खालची फळी, सिलिंडर टांगायची जागा, इथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. वरवरचा गंज असेल तर टोक टणकन थांबतं, कुजलेलं असेल तर टोक आत जातं आणि लाल चुरा पडतो. सांगाडा कुजला असेल तर तिथेच थांबा, बाकी कितीही चांगलं असलं तरी. मी एकदा एका माणसाकडे सुंदर दिसणारं ग्रिल बघत होतो, नुसतं हँडल धरून थोडं हलवलं तर डावा पाय आतून मोडला आणि सगळं एका बाजूला कललं. त्या बिचाऱ्यालाही माहिती नव्हतं, पाईप आतून सडतो ना, बाहेरून रंग तसाच.

मग पेटी. जुन्या चांगल्या ग्रिलची खालची पेटी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला गंज लागतच नाही, फक्त तडा गेलाय का बघायचं. पत्र्याची पेटी असेल तर कोपरे आणि चरबी वाहून जायचा उतार टॉर्च मारून बघा, सगळ्यात आधी तिथेच भोक पडतं. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबताना दिसले की लोक घाबरतात, 'रंग सुटतोय' म्हणतात. इनॅमलच्या (भाजून बसवलेल्या काचेसारख्या लेपाच्या) झाकणावर तो रंग नसतो, वर्षानुवर्षं जळून बसलेली चरबी आणि काजळी असते, प्लास्टिकच्या खरवडणीने निघते. तुम्हाला हे माहिती असलं आणि मालकाला नसलं तर भाव तिथेच उतरतो, पण प्रामाणिकपणे सांगा त्याला, तो काही शत्रू नाही.

स्टेनलेस म्हणून विकतात त्याला चुंबक लावून बघा. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही, ४३० ला चिकटतं, आणि ४३० लवकर गंजतं. वाकवलेल्या कडेला ३०४ सुद्धा किंचित ओढ दाखवतं, म्हणून मोठ्या सपाट भागावर बघा. ही काही अंतिम परीक्षा नाही, पण 'पूर्ण स्टेनलेस, जन्मभर चालेल' असं कोणी सांगत असेल तर अंदाज येतो.

जाळ्या, पट्ट्या, बर्नर, लायटर, नॉब, चाकं हे सगळं बदलता येतं, त्यामुळे ते खराब असेल तर सौदा सोडू नका, भाव पाडा. फक्त हे पार्ट त्या मॉडेलचे आज किती रुपड्याला मिळतात ते फोनवर तिथेच बघून बेरीज करा. बेरीज आणि मागितलेला भाव मिळून नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी नमस्कार करून निघतो. सगळ्यात महाग आणि कटकटीचा भाग म्हणजे नॉबच्या मागचा गॅसचा पाईप आणि व्हॉल्व्ह. प्रत्येक नॉब हाताने फिरवा, अडकत असेल तर जोर लावू नका, ते व्हॉल्व्ह बदलायचं काम आहे.

गॅस कुठला ते विचाराच. पाईपच्या नॅचरल गॅसवरचं ग्रिल सिलिंडरवर असंच चालत नाही, आतली छोटी भोकं वेगळ्या मापाची असतात, दाबही वेगळा. नुसता रेग्युलेटर बदलून जोडलं तर ज्वाळा केवढी येईल सांगता येत नाही. हे ग्रिल मी स्वस्तात मिळालं तरी घेत नाही.

आता पेटवून दाखवायला सांगा. इथे एक गंमत आहे जी मला फार उपयोगी पडली. बरेच लोक 'तापतच नाही, बहुतेक रेग्युलेटर गेलाय' म्हणून ग्रिल फुकटात काढतात. पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं. आधी नॉब उघडून मग सिलिंडर झटकन उघडला की कनेक्शनमधली सुरक्षा यंत्रणा गळती समजते आणि गॅस अगदी थोडा सोडते, ज्वाळा मिणमिणती राहते. सगळं बंद करा, सिलिंडर सोडवा, दोन मिनिटं थांबा, परत जोडा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा आणि झाकण उघडं ठेवूनच बर्नर पेटवा. ज्वाळा निळी, टोकाला थोडी पिवळी हवी. एखादा बर्नर पिवळाधम्म, आळशी जळत असेल तर त्याच्या तोंडाशी कोळ्याने घर केलेलं असण्याची शक्यता खूप, गॅसच्या वासाला ते येतात. नळी काढून ब्रशने साफ केली की झालं. पण नॉबजवळ मागे आग दिसली तर ताबडतोब बंद करा.

सिलिंडर चालू, सगळे नॉब बंद, ज्योत विझलेली, अशा वेळी प्रत्येक जोडावर आणि होजवर (गॅसच्या रबरी नळीवर) साबणाचं पाणी मारा. बुडबुडे फुगले तर गळती. होज कडक, चिरलेला असेल तर मी काही विचार न करता नवीन टाकतो, रेग्युलेटरसकट.

सोबत सिलिंडर देत असतील तर त्याच्या वरचं चाक बघा. तिकोनी असेल तर जादा भरू न देणारा व्हॉल्व्ह आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर १९९८ नंतर बनलेल्या छोट्या सिलिंडरना तो लागू झाला आणि १ एप्रिल २००२ पासून तो नसलेले भरूनच देत नाहीत. कॉलरवर ठोकलेली तारीखही वाचा, मुदत गेलेला सिलिंडर पुन्हा तपासून घेतल्याशिवाय भरून मिळत नाही, त्याचे पैसे देऊ नका.

आणायचं ठरलं की सिलिंडर सोडवून वेगळा, उभाच आणि खिडक्या उघड्या ठेवून न्या, ग्रिलच्या आत किंवा गाडीच्या बंद डिकीत आडवा नाही. जाळ्या आणि पट्ट्या काढून पुठ्ठ्यात गुंडाळा, झाकण दोरीने बांधा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात इनॅमलचा टवका उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. घरी आणल्यावर तळाशी साठलेली चरबी आधी खरवडून काढा, मगच पूर्ण आचेवर वीस मिनिटं तापवा. मी तारेचा ब्रश वापरत नाही, त्याची तार जाळीला चिकटून खाण्यात जाते, म्हणून ओल्या कापडाचा बोळा चिमट्यात धरून पुसतो. पहिल्या दिवशी काही भाजू नका, सगळे बर्नर चालू करून अंधार पडल्यावर वाकून बघा, प्रत्येक भोकातून सारखी निळी ज्वाळा आली की दुसऱ्या दिवशी बिनधास्त वापरायला घ्या.