जुन्या गाडीत एसी : गॅस भरण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की हौसेने जपलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर दुपारी बाहेर काढवत नाही. मग एसीचा विषय निघतो. बसवणारा बसवून देतो, पैसेही चोख घेतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात थंडावा पळाला की मकरपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत कुठेही गाडी न्या, निदान एकच: ‘गॅस ओछो छे, साहेब.’ पुष्कळदा गॅस पुरेसा असतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातलाच हा प्रकार.

एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. लोक मात्र पैसा ओततात तो आतल्या बाजूवर: डॅशबोर्डखालचे चकचकीत युनिट, मोठी कुलिंग कॉइल, जास्तीचे व्हेंट. उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर ग्रिलमागे उरेल त्या जागेत कसाबसा कोंबलेला असतो.

ग्रिलमागची कंजुषी

आर-१२ गॅसच्या काळातला नळी-पत्तीचा जुना कंडेन्सर त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए गॅससाठी तोकडा पडतो. त्या जागी पॅरलल-फ्लो (चपट्या समांतर नळ्यांचा) कंडेन्सर घ्या, मावेल तेवढा मोठा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटी रबराच्या किंवा फोमच्या पट्टीने बुजवा. नाहीतर इंजिनाजवळची तापलेली हवा फिरून पुन्हा पुढे येते आणि कंडेन्सर तीच ओढत बसतो. हे काम स्वस्तातले आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

हायवेवर गार आणि सिग्नलला गरम, अशी तक्रार असेल तर गॅसच्या बाटलीला हात लावू नका. हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला, दाबाचा काटा जोडा, इंजिन आयडलला (उभ्या गाडीत, रेस न देता) चालू ठेवा आणि कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारा. दाब झपाट्याने उतरला आणि व्हेंटमधून गार हवा आली, तर दोष हवेच्या प्रवाहात आहे. ४० अंशांच्या दुपारी हाय साइड साधारण २०० ते २५० पीएसआयमध्ये असावी. उभ्या गाडीत ती ३०० च्या वर चढत असेल तर पंखा कमी पडतोय. इंजिनाच्या पट्ट्यावरचा मूळ पंखा आयडलला संथ फिरतो, त्यामुळे वेगळा इलेक्ट्रिक पंखा हवाच.

हा पंखा उलटा फिरत नाही ना, तेही पाहा. पंखा चालू करून वर्तमानपत्राचे एक पान ग्रिलला लावा. पान ग्रिलला चिकटून राहिले पाहिजे. उडून पुढे आले तर पंखा हवा बाहेर फेकतोय. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. अशा गाडीत आजचा पंखा नेहमीच्या सवयीने जोडला की तो उलटा फिरतो. आत हवा फेकणारा ब्लोअरही उलटा फिरून नुसता आवाज करतो, आणि कॉम्प्रेसरच्या क्लचमध्ये (त्याला पट्ट्याशी जोडणाऱ्या विजेच्या भागात) एकाच दिशेने वीज सोडणारा डायोड असेल तर फ्यूज उडत राहतो. कारागीर मग नवे फ्यूज आणत राहतो.

डायनेमोवर भार

गाडीत वीज तयार करणारा लुकासचा जुना सी-४० डायनेमो जास्तीत जास्त २२ अँपिअरच्या आसपास देतो, तोही इंजिन जोरात फिरत असताना. आता हिशेब मांडा: क्लच ४, ब्लोअर ८ ते १०, कंडेन्सरचा पंखा ८ ते १०, आणि रात्री हेडलाइटचे ९. बेरीज ३० च्या घरात जाते. बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होते आणि एखाद्या संध्याकाळी न्यायमंदिरापाशी गाडी आडवी होते. डायनेमोच्या जागी जास्त वीज देणारा ऑल्टरनेटर आधी, एसी नंतर. पंखा आणि ब्लोअर दोन्हींना स्वतंत्र रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा) आणि जाड वायर द्या. डॅशबोर्डवरचा जुना स्विच एवढा करंट सोसत नाही.

काढलेला डायनेमो भंगारात घालू नका, आणि युनिट बसवायला डॅशबोर्ड कापू नका. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात ‘२१ गन सॅल्यूट’ हे जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हापासून इकडेही स्पर्धेत गाडी उतरवायचे वेड वाढले आहे. अशा ठिकाणी मूळ घडणीला मान असतो. युनिट बोल्टवर टांगा, उद्या उतरवता आले पाहिजे.

गॅस बदलताना

ओझोनच्या कारणाने, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आर-१२ बंद झाला; भारतात २०१० पर्यंत. त्या जागी नुसता आर-१३४ए भरला की काम झाले, हा समज महागात पडतो. जुने मिनरल ऑइल या गॅसमध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. फ्लशिंग करून (जुने तेल धुऊन काढून) या गॅसला चालणारे पीएजी किंवा एस्टर ऑइल, ओल शोषणारा नवा ड्रायर, सांध्यांच्या नव्या ओ-रिंगा आणि गॅस झिरपू न देणारे बॅरियर होज ही यादी पूर्ण करा. आतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम किमान अर्धा-पाऊण तास मारा. आत राहिलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या अरुंद वाटेत, गोठते: एसी थोडा वेळ छान चालतो, मग बंद पडतो, आणि गाडी थोडी उभी केली की पुन्हा चालतो.

इंजिन बंद असताना काटा पाहून ‘गॅस बरोबर आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सिस्टिममध्ये थोडासा द्रव गॅस असला तरी ३२ अंशांना काटा सुमारे १०३ पीएसआयच दाखवतो, भरपूर असला तरी तेवढेच. गॅस वजनावर भरा. सिस्टिमच्या जुन्या माहितीपट्टीवर आर-१२ चे जे वजन असेल त्याच्या ८० ते ९० टक्क्यांपासून सुरुवात करा. जास्त भरल्याने गारवा वाढत नाही, हाय साइड वाढते. स्वस्त डब्यांतल्या एलपीजीसारख्या ज्वलनशील गॅसला तर ठाम नकार द्या. कुलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपाशी असते.

इंजिनाचेही थोडे. पद्मिनीच्या १०८९ सीसीला मोठा कॉम्प्रेसर झेपत नाही, लहान घ्या. कार्बोरेटरला आयडल-अपचा (एसी लागताच आयडलचा वेग वाढवणारा) सोलेनॉइड लावा. ब्रॅकेटवर कॉम्प्रेसरची पुली इतर पुलींच्या सरळ रेषेत नसेल तर पट्टे तुटत राहतात.

पावसाळ्यात

जुलैत हवा दमट असते, कॉइलवर पाणी भरपूर जमते. निचऱ्याची नळी उताराने फायरवॉलबाहेर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापलीकडे) गेली पाहिजे. एसी वीसेक मिनिटे चालवून गाडीखाली पाहा. जमीन कोरडी असेल तर गालिचा उचला. पत्रा तिथे ओला असतो, आणि वास येईपर्यंत गंज धरलेला असतो. नळी मोकळी करा, आणि तिचे तोंड सायलेन्सरपासून दूर वळवा.